जुन्या वस्तू काय सांगतात? पाळवणकर बाळूंच्या निमित्ताने

(मलकापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक बोलायला उभा राहिला की लोक घड्याळाकडे बघायला लागतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून आज सुरुवात क्रिकेटपासून करतो. माझा विषय आहे जुन्या वस्तू आणि आठवण. आपण एखाद्या खेळाडूचा जुना फोटो, जुना धावफलक, जुनं कात्रण जपून ठेवतो. त्या वस्तूनं नेमकं काय जपलं जातं? आणि काय निसटतं? हा प्रश्न मला एका लोखंडी पेटीमुळे पडला.

गेल्या दिवाळीआधी घर आवरताना माळ्यावरची पेटी खाली काढली. रद्दीवाला दारात उभा होता. तो म्हणाला, "सर, हे कायले ठेवता आता? वाळवी लागून जाईन." पेटीत काड्यापेट्यांचे छाप होते, मासिकांतून कापलेले नाडकर्णी आणि बोर्डे होते, आणि एक ग्रुप फोटो होता. १९६६ सालचा. आमच्या मोहल्ल्याच्या संघानं नांदुऱ्याच्या पोरांना हरवलं होतं, तेव्हाचा. मधोमध खुर्चीवर पितळी कप घेऊन मी बसलोय, कारण कर्णधार मी होतो. वय वर्षं पंधरा.

माझ्या नातवानं फोटो हातात घेतला आणि विचारलं, "आबा, यात बॉलर कोणता?"

मी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेलो आणि थांबलो. ज्याच्या गोलंदाजीवर आम्ही जिंकलो होतो, तो फोटोत नव्हता. का नव्हता ते मला चांगलं आठवत होतं. त्याबद्दल शेवटी बोलतो. आधी एका मोठ्या गोलंदाजाकडे जाऊ.

एका पत्त्याची किंमत

जुन्या वस्तू गोळा करण्याचा छंद जगभर आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूंचे छोटे छापील पत्ते असतात. अमेरिकन टोबॅको कंपनीनं १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटात असे पत्ते घातले. संग्राहक त्या मालिकेला टी-२०६ म्हणतात. तिच्यात ५२४ पत्ते आहेत. त्यांतला होनस वॅग्नर या खेळाडूचा पत्ता फार थोडा छापला गेला. २०२२ साली त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. आपल्या पैशात त्या वेळी सुमारे ५७ कोटी रुपये. काड्यापेटीपेक्षा जरा मोठा पुठ्ठा, मंडळी!

आपल्याकडेही हे होतंच. इथे चाळिशी-पन्नाशीची जी मंडळी बसली आहेत, त्यांनी १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बिग फन बबलगमची चित्रं जमवली असतील. गम थुंकून द्यायचा आणि कपिलदेव वहीत ठेवायचा.

त्याच्या कितीतरी आधी, १८९६ साली, इंग्लंडमध्ये विल्स कंपनीनं क्रिकेटपटूंचे सिगारेट-पत्ते काढले. त्यांत आपले रणजितसिंहजी आहेत. १८९७ च्या ऑगस्टमध्ये 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकानं त्यांचं रंगीत व्यंगचित्र छापलं. त्या छापील प्रती आजही लिलावात येतात. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक भारतीय खेळाडू आजही भिंतीवर चौकटीत लावता येतो.

आता त्या टी-२०६ मालिकेकडे पुन्हा एकदा बघा. ५२४ पत्त्यांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. कृष्णवर्णीय लोक बेसबॉल खेळत नव्हते का? खेळत होते. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाचे सामने खेळला होता. पुढे गोऱ्या संघमालकांनी आपसात ठरवून दारं बंद केली, ती १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत बंद राहिली. संघात नाही म्हणून पत्त्यावर नाही. पत्त्यावर नाही म्हणून वहीत नाही. आणि वहीत नाही म्हणून नातवाच्या प्रश्नात नाही. विसरण्याची ही साखळी असते, आणि तिची पहिली कडी वस्तू बनण्याच्या आधीच पडलेली असते.

बाळू नावाचा गोलंदाज

ज्या १९११ साली ते पत्ते अमेरिकेत वाटले जात होते, त्याच उन्हाळ्यात पाळवणकर बाळू इंग्लंडमध्ये गोलंदाजी करत होते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणं कोकणातल्या पाळवणचं, चांभार समाजातलं. वडील लष्करात होते, त्यामुळे पोरं पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढली. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही नावारूपाला आले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. तिथून ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले. पगार चार रुपये. मैदान तयार करायचं, जाळी लावायची, टेनिस कोर्टाच्या रेघा आखायच्या. आणि गोऱ्या सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग म्हणून एक नामांकित फलंदाज होता, तो रोज तासन्‌तास बाळूंसमोर सराव करी. आपल्याला बाद केलं की तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्या जाळीत बाळूंच्या हातात कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची.

२००१ च्या 'लगान'मधला कचरा तुम्हाला आठवत असेल. अनेक जण त्याचा संबंध बाळूंशी जोडतात. मला त्यात एक गोष्ट खटकते. कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे, जणू दैवी देणगी. बाळूंचा चेंडू वळत होता तो हजारो षटकांच्या मजुरीमुळे. डावखुरी संथ फिरकी, टप्पा पक्का, उंची आणि वेग यांत सतत बदल. हे कौशल्य चार रुपये पगारावर घामानं कमावलेलं होतं. त्याला चमत्कार म्हणणं म्हणजे त्या माणसाचे कष्ट पुन्हा एकदा फुकट घेणं आहे.

पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. बाळूंना संघात घ्यावं की नाही यावर क्लबात वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर चेंडू सगळ्यांनी शिवायचा. मैदानाबाहेर मात्र शिवाशिव. चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा पीत. बाळूंना बाहेर, पिऊन फोडून टाकायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. हे सगळं रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तपशिलानं मांडलं आहे.

पुढे प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'नं या विजयावर लिहिताना या भावांच्या समावेशाकडे मुद्दाम लक्ष वेधलं.

मग १९११. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. राजा, पारशी, मुसलमान, हिंदू आणि दोन चांभार भाऊ, असा तो संघ. एकूण दौऱ्यात संघ हरला जास्त, जिंकला कमी. पण बाळूंनी सर्व सामने धरून ११४ बळी घेतले. त्यांतले ७५ प्रथम श्रेणीचे, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरवरच्या विजयात ११ बळी. हे सगळं पस्तिसाव्या वर्षी आणि दुखऱ्या खांद्यानं. कारकिर्दीचा हिशेब सांगायचा तर ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

एवढं असून त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनीच जाहीर सांगितलं की हा मान बाळूंचा होता. १९२० साली बाळूंना वगळलं आणि विठ्ठल यांना कर्णधारपद नाकारलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. १९२३ साली अखेर विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ स्पर्धा जिंकला.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. म्हणून कसोटीपटूंच्या कोणत्याही यादीत ते नाहीत, कसोटीची टोपी नाही, विल्सचा पत्ता नाही. आहे तो १९११ च्या संघाचा फोटो, धावफलक, वर्तमानपत्रांतले वृत्तांत आणि १९४८ साली आलेलं विठ्ठल यांचं मराठी आत्मचरित्र 'माझे क्रीडा-जीवन'. आणि मुंबईत प्रभादेवीला एक पी. बाळू मार्ग आहे. हजारो लोक तो रोज पत्त्यात लिहितात.

वस्तू आठवत नाही, जागं करते

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, दहा मिनिटं.

आपल्या न्यायदर्शनात स्मरणाचा फार बारीक विचार आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त स्मृतीची व्याख्या येते. सोप्या मराठीत सांगतो. आपल्याला एखादा अनुभव येतो. अनुभव संपतो, पण मागे एक ठसा राहतो. त्याला संस्कार म्हणायचं. तो ठसा झोपलेला असतो. काही निमित्त झालं की तो जागा होतो, आणि त्यातून जे ज्ञान होतं ती स्मृती. जागं करणाऱ्या निमित्ताला उद्बोधक म्हणतात.

गौतमांच्या न्यायसूत्रांत, तिसऱ्या अध्यायात, अशा निमित्तांची लांबलचक यादी आहे. एकाग्रता, सराव, साम्य, चिन्ह ही निमित्तं आहेतच. पण वियोग आणि विरोध हीसुद्धा आहेत. म्हणजे जवळ नसणं हेही आठवण करून देतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं हे यादीत घातलं, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

या चौकटीत जुनी वस्तू कुठे बसते? ती उद्बोधक आहे. आजीचा अडकित्ता बघितला की आजी आठवते. पण अडकित्त्याला आजी आठवत नाही! ज्यानं आजी बघितलीच नाही, त्याच्यासाठी तो फक्त लोखंडाचा तुकडा. आधी ठसा हवा. ठसाच नसेल तर वस्तू जागं कुणाला करणार?

बाळूंची अडचण इथे आहे. त्यांना खेळताना बघितलेला माणूस आज कुणी हयात नाही. आपल्या मनात त्यांचा ठसा उमटेल तो फक्त कुणीतरी सांगितल्यानं आणि आपण ऐकल्यानं. प्रभादेवीचा रस्ता याचं उत्तम उदाहरण आहे. पाटी आहे, नाव आहे. पण पी. बाळू कोण, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ती फक्त दिशा आहे.

न्यायवाले आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती संग्राहकांनी भिंतीवर लिहून ठेवावी. स्मृतीला ते प्रमाण मानत नाहीत. कारण स्मृती मूळ अनुभवावर अवलंबून असते. अनुभव चुकीचा किंवा अपुरा असेल तर आठवणही तशीच होणार. मग जुन्या फोटोवरून आपण भूतकाळ 'आठवतो' म्हणतो, तेव्हा विचारायला हवं की फोटो काढणाऱ्यानं कुणाला उभं केलं होतं?

फोडून टाकलेलं भांडं

१९११ च्या संघाचा फोटो पाहणाऱ्याला काय कळतं? महाराज आणि बाळू एका चौकटीत आहेत. अनोळखी माणूस म्हणेल, वा, केवढी समता! धावफलक पाहिला तर तो आणखी निर्मळ. त्यात फलंदाज, गोलंदाज, धावा. चहा कुठे प्यायला याचा रकाना धावफलकात नसतो. कर्णधार कोण व्हायला हवा होता याचाही नसतो.

मग बाळूंच्या आयुष्याबद्दल सर्वांत जास्त सांगणारी वस्तू कोणती? मला विचाराल तर ते मातीचं भांडं. एखाद्या संग्रहालयात ते असतं तर मी पहिल्यांदा त्याच्यापुढे उभा राहिलो असतो. पण ते मिळणार नाही. कारण ते फोडण्यासाठीच दिलं होतं. सन्मानाच्या वस्तू टिकाऊ असतात, कप पितळेचा, मानपत्र चौकटीत. अपमानाच्या वस्तू मात्र वापरून फेकायच्या असतात. म्हणून जुन्या वस्तूंवरच विसंबलं तर इतिहास होता त्यापेक्षा गोड दिसतो. हे दर वेळी कुणी मुद्दाम करतं असंही नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही.

भांड्याची जागा शब्दांनीच भरावी लागते. ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे. बाळू इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजानं त्यांचा सत्कार केला, आणि त्या वेळचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केलं होतं, अशी नोंद गुहा यांच्या ग्रंथात आहे.

पुढची गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि ती झाकून ठेवणं मला पटत नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. पण १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. एकेकाळी ज्या तरुणाला आपला अभिमान वाटत होता, त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभं राहावं लागलं. १९५५ साली बाळू वारले. मला वाटतं, त्यांच्या वस्तू जपणारे हात कमी पडले त्याचं एक कारण इथे आहे. ज्यांनी त्यांच्या चहाचं भांडं वेगळं ठेवलं त्यांना ही आठवण अडचणीची होती, आणि ज्यांच्यासाठी ते उभे राहू शकले असते त्यांनाही ती सोयीची राहिली नाही. सोयीच्या माणसाला आठवणं सोपं असतं. बाळूंना आठवायचं तर त्यांचे ११४ बळी, ते मातीचं भांडं आणि १९३७ ची निवडणूक, तिन्ही एकत्र आठवावं लागेल.

माझा फोटो

आता माझ्या पेटीकडे येतो.

आमचा गोलंदाज आमच्याच वर्गात होता. काळ्या मातीची आमची पट्टी, उन्हाळ्यात भेगा पडायच्या. आम्ही शेणामातीनं त्या बुजवायचो. बुजवण्यात तो पुढे असायचा. कॉर्कचा चेंडू असा टाकायचा की समोरच्याचे पाय आधी हलायचे. तहान लागली की आम्ही सगळे माठातून घ्यायचो, आणि त्याच्या ओंजळीत वरून कुणीतरी पाणी ओतायचं. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. जे रोज दिसतं ते दिसत नाही.

फोटो एका घराच्या ओसरीवर काढला. ज्यांनी बॅटसाठी पैसे दिले होते त्यांची ओसरी. आम्ही वर चढलो, तो अंगणात थांबला. कुणी त्याला जा म्हटलं नाही. कुणी ये सुद्धा म्हटलं नाही. फोटोवाल्यानं विचारलं, "झाले का सगळे?" मी कर्णधार होतो. मी म्हणालो, "हो, झाले."

एवढंच. पुढे मी चाळीस वर्षं वर्गात समतेवर शिकवलं, नोट्स काढून दिल्या, परीक्षेत प्रश्न घातले. तो फोटो पेटीतच होता.

नातवाला मी खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आबा, मागे लिहा ना." मी फोटो उलटा केला आणि मागे लिहिलं. साल, सामना, सगळ्यांची नावं, त्याचंही पूर्ण नाव, त्यानं घेतलेले बळी, आणि तो फोटोत का नाही. शेवटी माझी सही. ते नाव या मंचावरून मी घेत नाही. त्याच्या घरच्यांना मी अजून भेटलेलो नाही, आणि ते भेटणं या व्याख्यानापेक्षा अवघड आहे. पण या महिन्यात जाणार आहे. फोटोची एक प्रत घेऊन, मागच्या मजकुरासकट.

माझी तुम्हाला एक साधी विनंती आहे. तुमच्या घरात ग्रुप फोटो असतील. शाळेचे, भजनी मंडळाचे, जिनिंगमधल्या कामगारांचे, लग्नातले. ओळखणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. पेन्सिलनं मागे नावं लिहा, शाई पुढून फुटते. आणि नावं लिहून झाली की त्यांना आणखी एक प्रश्न विचारा. "यात कोण असायला हवं होतं?"

ते नावही लिहा.